झाकण नसेल तर अनुदान नको

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे.



आपले खाते गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना चालवते. वीज पडून, साप चावून, ट्रॅक्टर उलटून शेतकरी गेला तर वारसांना 2 लाख रुपये मिळतात. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक जण या योजनेत बसतो. वयाची अट आहे 10 ते 75. म्हणजे नऊ वर्षांचे लेकरू बापाच्या ट्रॅक्टरवरून घसरून रोटाव्हेटरमध्ये सापडले, तर या योजनेपुरते ते गेलेच नाही. त्याचा प्रस्ताव होत नाही, फाईल होत नाही, तालुक्याच्या आकड्यात ते येत नाही.

पैसे मागायला मी हे पत्र लिहीत नाही. लेकराच्या बदल्यात मिळालेल्या दोन लाखांचे बाप काय करील, हे विचारायचीही लाज वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. ट्रॅक्टरला, रोटाव्हेटरला, मळणीयंत्राला, कडबाकुट्टीला आपण सरकारी पैसा देता. अल्पभूधारकाला, महिला शेतकऱ्याला एका ट्रॅक्टरमागे सव्वा लाखापर्यंत. या पैशाबरोबर यंत्राचे झाकणही शेतात पोचले पाहिजे आणि तिथे टिकले पाहिजे. एवढी अट घालायला नवा कायदा लागत नाही.

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. घरी शेती आहे, भावाच्या नावावर ट्रॅक्टर आहे. शाळेचे वेळापत्रक आणि यंत्राचे वेळापत्रक शेजारीशेजारी ठेवून बघायची सवय मला नोकरीने लावली. सोयाबीन मळायला येते ऑक्टोबरात, आणि पाठोपाठ दिवाळीची सुट्टी लागते. नांगरट, रोटर, शेणखताच्या खेपा असतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. ज्या दिवसांत शिवारात यंत्रे सर्वांत जास्त फिरतात, नेमक्या त्याच दिवसांत लेकरे घरी असतात. आणि शेतकऱ्याचे घर म्हणजे काय? शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्याच्या उंबऱ्यापासून दहा पावलांवर ट्रॅक्टर उभा असतो, गोठ्यात कडबाकुट्टी असते, अंगणातच रास पडते. कारखान्याला फाटक असते, फाटकावर माणूस असतो. आमचा कारखाना आणि आमचे अंगण एकच. म्हणून ‘मुलांना यंत्रापासून दूर ठेवा’ हे वाक्य भिंतीवर रंगवायला सोपे आणि पाळायला जवळपास अशक्य आहे.

आता मडगार्डविषयी. ट्रॅक्टरच्या आरसी बुकात बसण्याची जागा एकच नोंदलेली असते, चालकाची. शेतात मात्र डाव्या मडगार्डवर एक पोरगे असतेच, कधी दोन्हीकडे दोन. त्यांना हौसेने बसवलेले असते. बाप रोटर मारायला निघाला की लेकरू मागे लागते, आई म्हणते घेऊन जा, तेवढेच घरातले काम होईल. ‘घट्ट धर’ एवढेच सांगितले जाते. घट्ट काय धरायचे? मडगार्डचा पत्रा गुळगुळीत आणि मधे फुगीर. बांधावर चाक चढले, ढेकूळ आले, क्लच जरा जोरात सुटला की मोठा माणूसही हिंदकळतो. तासाभराच्या एकसुरी आवाजात आणि उन्हात पाच वर्षांचे लेकरू पेंगते, हे कोणत्याही आईला विचारा. आणि तिथून खाली पडायला दोनच जागा आहेत: पुढच्या बाजूला गेले तर मोठे चाक, मागे गेले तर रोटाव्हेटरची पाती. गाण्यांचा डेक मोठ्याने लावलेला असेल तर चालकाला हाकही ऐकू येत नाही.

याला कायदा नाही असे नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे. पण तो कायदा रस्त्यावरचा. बांध ओलांडून ट्रॅक्टर स्वतःच्या रानात उतरला की तिथे तो पोचत नाही. ट्रॅक्टर, मळणी-कापणीची यंत्रे आणि कडबा कापणे ही कामे 1986 च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात मुलांसाठी बंद केलेल्या कामांत घातली गेली. पण मडगार्डवर बसलेले लेकरू काम कुठे करते आहे? ते तर बापाबरोबर फिरायला आलेले असते. ब्रिटनने हा घोळच ठेवला नाही. 1998 च्या तिथल्या नियमांप्रमाणे शेतीचे काम चाललेले असताना 13 वर्षांखालच्या मुलाला ट्रॅक्टर चालवायला देणे बेकायदा आहे आणि त्याला ट्रॅक्टरवर बसवणेही बेकायदा आहे. मग शेत स्वतःचे असो की दुसऱ्याचे, मूल काम करत असो की गंमत बघत असो.

आपल्याकडे याच्या उलट वारे आहे. सात-आठ वर्षांचा मुलगा स्टिअरिंग धरतो, त्याचा व्हिडिओ निघतो आणि ‘शेतकऱ्याचा वाघ’ म्हणून गावभर फिरतो. पाडव्याला ट्रॅक्टर घरी आला की पहिला फोटो मांडीवरच्या नातवासह. फोटोला माझी हरकत नाही, चावी काढून ठेवलेली असेल तर. पण चावी काढायची रीतच नाही आमच्याकडे. ट्रॅक्टर गिअरमध्ये उभा आणि चावी तिथेच. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर लागू नये अशी सोय नव्या गाड्यांत असते. जुन्यांत नसते, किंवा बिघडली म्हणून वायर जोडून बाजूला टाकलेली असते. अशा ट्रॅक्टरची चावी पोराने फिरवली की गाडी जागची उडी मारते. पुढे कोण उभे आहे, एवढाच मग प्रश्न.

मडगार्डपेक्षाही मला भीती वाटते ती पीटीओ शाफ्टची. हा ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूचा फिरता दांडा. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, फवारणीचा ब्लोअर यांना ताकद देतो तो हाच. तो साधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धरला तर एका सेकंदात नऊ वीत कापड त्यावर गुंडाळले जाते, दोन मीटरच्या आसपास. बहिणीच्या हातात जेवणाचा डबा द्यायला आलेल्या शाळकरी मुलीची आख्खी ओढणी संपायला सेकंद-सव्वा सेकंद पुरतो. तेवढ्या वेळात चालकाने मान वळवून बघायचे, समजून घ्यायचे आणि पीटीओ बंद करायचा. हे होत नाही. कापडापाठोपाठ केस जातात, हात जातो. बाहेरून हा शाफ्ट नुसता गोल फिरतो. पात्यासारखा भीतिदायक दिसत नाही, म्हणून लेकरे तो ओलांडून जातात. मोठेही जातात.

यावर उपाय ठाऊक आहे आणि स्वस्त आहे. शाफ्टवर प्लास्टिकची नळी आणि दोन्ही टोकांना फनेल असते. साखळीने ते कव्हर एका जागी धरलेले असते, आत शाफ्ट फिरतो आणि बाहेरचे कव्हर स्थिर राहते. पीटीओच्या टोकावर लोखंडी टोपण असते. कोणत्याही गॅरेजच्या मागे जाऊन बघा, कव्हरे आणि टोपणे भंगारात पडलेली दिसतील. शेतकरी ती का काढतो याचे उत्तर मूर्खपणा हे नव्हे. शाफ्टच्या सांध्याला, म्हणजे क्रॉसला, ग्रीस मारायला कव्हर आड येते. उन्हात प्लास्टिक तडकते, एकदा तडकले की फडफडते, साखळी तुटते आणि मग ते काढून टाकणेच बरे वाटते. नवे घ्यायला दुकानात गेले तर शाफ्ट मिळतो, क्रॉस मिळतो, बेअरिंग मिळते. नुसते कव्हर मागितले की दुकानदार वर बघतो. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही ती कोण ठेवणार? आपण अनुदानाच्या अवजारांच्या यादीत सुटे कव्हर घातले, तर गिऱ्हाईक तयार होईल. माझ्या मते पत्रके वाटण्यापेक्षा एवढ्या एका नोंदीने जास्त हात वाचतील.

मळणीयंत्राची गोष्ट तर कायद्याच्या पुस्तकात चाळीस वर्षे पडून आहे. उत्तर भारतात गहू मळताना मजुरांचे हात तुटण्याच्या घटना वाढल्या, तेव्हा संसदेने 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा केला. शेतातले मळणीयंत्र हेच त्याचे मुख्य लक्ष्य होते. बनवणाऱ्याला परवाना, यंत्रावर सूचना, जखमी माणसाला भरपाई, देखरेखीसाठी राज्याने नियंत्रक नेमण्याची सोय, असे सगळे त्यात आहे. भारतीय मानकाने पीक आत सारण्याच्या पाटाची लांबीही ठरवून दिली: किमान 90 सेंटिमीटर, त्यातले 45 झाकलेले. कारण साधे आहे. हात त्यापेक्षा आत पोचू नये. आमच्याकडे हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, गावात येतो तेव्हा हा पाट कापून आखूड केलेला असतो किंवा वरचे झाकण काढलेले असते, माल लवकर सरावा म्हणून. यंत्रवाल्याचा धंदा पोत्यावर. पुढच्या शेतात त्याची वाट बघत असतात. लेकरे त्या वेळी कुठे असतात? काही पोती धरतात, काही भुसाच्या ढिगावर उड्या मारतात, धाकटी ताडपत्रीखाली झोपलेली असतात. रात्री हॅलोजनच्या उजेडात मळणी चालते आणि ट्रॅक्टर मागे-पुढे होतो. ताडपत्रीखालचे लेकरू त्या उजेडात नुसती सुरकुती दिसते.

कडबाकुट्टीचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण या देशात यंत्र बदलून मुलांची बोटे वाचवता येतात, हे तिथे दाखवून झाले आहे. दिल्ली आयआयटीतले दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणाच्या खेड्यांत शेतीतल्या जखमांचा अभ्यास केला. हाताने फिरवायच्या कडबाकुट्टीत लहान मुलांची बोटे जातात आणि ती बऱ्याचदा चारा कापताना नव्हे, मोकळ्या पडलेल्या यंत्राशी खेळताना जातात, हे त्यांच्या लक्षात आले. एकजण चाक फिरवतो, दुसऱ्याचे बोट पात्याजवळ असते. त्यांनी आईबापांना शहाणपण शिकवले नाही. पात्यावर जाळी बसवली, काम संपल्यावर चाक अडकवून ठेवायची खीळ दिली, आणि बोटे पात्यापर्यंत जाण्याआधीच चाहूल लागावी म्हणून तोंडाशी एक रूळ लावला. खीळ म्हणजे काय, लोखंडाचा एक तुकडा. गावचा लोहार बसवून देईल. आता आमच्या गोठ्यात विजेवरच्या कडबाकुट्ट्या आल्या आहेत, त्यांचे बटण दोन हात उंचीवर असते आणि लेकराला बटण दाबायला फार आवडते.

यंत्र बदलण्याचा हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपघात झाला की गाव म्हणते, आईचे लक्ष नव्हते. आई कुठे होती? ती सोयाबीन यंत्रात लोटत होती, नाहीतर भाकरी करत होती. तिचे लक्ष कुठे असायला हवे होते हे सांगणाऱ्यांनी तिचा दिवस एकदा जगून बघावा. लक्ष चुकते. दिवसातून शंभर वेळा चुकते आणि शंभर वेळा काही होत नाही. एकदा लक्ष चुकले म्हणून लेकराचा जीव जाणार असेल तर दोष यंत्राच्या मांडणीत आहे.

उसाच्या फडातल्या लेकरांकडे तर बघायलाही कोणी नसते. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीतून निघालेली जोडपी दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तोड पहाटे अंधारातच सुरू होते. तान्हे आणि चार वर्षांचे लेकरू पाचटावर गोधडी टाकून झोपवलेले असते, आणि त्याच पाचटावरून ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून मागे येतो. ट्रॉल्या उसाने भरल्या की चालकाला मागचे काही दिसत नाही. रिकाम्या असल्या तरी खाली झोपलेले दिसत नाही. चार वर्षांचे मूल उभे राहिले तर मीटरभर उंच, मागचे चाक त्याहून उंच. झोपलेल्या लेकरावरून चाक गेल्याच्या बातम्या हंगामात येतात, आतल्या पानावर, चार ओळींत. एप्रिल 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडून हळदीच्या कामाला निघालेल्या सात मजूर स्त्रिया गेल्या, तेव्हा राज्य हादरले. एकेकटे गेलेले लेकरू कोणालाच हादरवत नाही.

अशा लेकरांसाठी रोजगार हमीच्या कायद्यात एक तरतूद आहे, आणि रोजगार हमी ही कल्पना तर महाराष्ट्राचीच. कामावर आलेल्या बायकांबरोबर पाच किंवा जास्त लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई कामावर लावायची, तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. उसाच्या फडाला हे का लागू नाही? एका टोळीत पाच लेकरे सहज निघतात. एका बाईची मजुरी कारखान्याला जड नाही. जड आहे ती कोयत्यामागची पद्धत, जिच्यात जोडप्याने मिळून किती टन तोडले एवढेच मोजले जाते. हा विषय साखर आयुक्तांचा आहे, मला माहीत आहे. पण ते आपल्याच शहरात बसतात, आणि ऊसतोडणी यंत्राच्या अनुदानासाठी दोन्ही कार्यालयांत पत्रव्यवहार होतो, तसा यासाठीही होऊ शकेल.

आता आपल्या अखत्यारीतले. महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, खरेदी, देयक अपलोड, मोका तपासणी, मग खात्यात पैसे, हा क्रम प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. मोका तपासणीला माणूस येतो, शेतकरी यंत्राशेजारी उभा राहतो, फोटो निघतो. त्याच वेळी आणखी दोन फोटो घ्यायला सांगा: पीटीओ शाफ्टच्या कव्हरचा आणि मळणीयंत्राच्या पाटाचा. कडबाकुट्टी असेल तर खीळ आणि जाळीचा. चाचणी अहवालात यंत्र नवे असतानाची स्थिती असते. मला हवी आहे ती शेतात उभ्या असलेल्या यंत्राची. भाड्याने यंत्रे देणाऱ्या अवजार बँकांना हीच अट दरवर्षी लावा, कारण तीच यंत्रे पन्नास अंगणांत फिरतात. ट्रॉलीला मागे येताना वाजणारा भोंगा ही काही मोठी गोष्ट नाही. शहरातल्या मालट्रकांना तो असतो आणि मध्यरात्री झोप मोडतो. तो आमच्या ट्रॅक्टरला लावा.

आणि मोजा. दहा वर्षांखालच्या लेकराच्या अपघाताची नोंद सहायक कृषी अधिकाऱ्याने करावी, पैसे मिळोत वा न मिळोत. आज अशी घटना घडली की घरचेच तोंड बंद करतात, आणि त्यांचे चुकते असे मला म्हणता येत नाही. चालक बाप असतो किंवा चुलता. पोलिसांत गेले तर हलगर्जीने मृत्यूचा गुन्हा त्याच्यावरच लागतो. म्हणून पोलिसांच्या नोंदीवर विसंबून खरा आकडा कधीच कळणार नाही. नाव न घेता, गुन्ह्याशी संबंध न लावता, फक्त यंत्र कोणते, कव्हर होते की नव्हते, लेकरू कुठे होते, वय किती, एवढ्या चार गोष्टी गावागावांतून आपल्याकडे आल्या तर दोन हंगामांत कळेल की आधी काय बदलायचे.

कोणी म्हणेल, अट घातली की शेतकरी तपासणीपुरते कव्हर लावेल आणि दुसऱ्या दिवशी काढेल. काही जण काढतीलच. हेल्मेटचेही तेच होते. पण आज शंभरातल्या बहुतेकांकडे लावायला कव्हरच नाही. आधी ते घरात येऊ द्या, दुकानात मिळू द्या, ग्रीस मारायला सोय असलेले चांगले कव्हर कंपन्यांना बनवू द्या. आपल्या कृषी विद्यापीठांत यंत्रशास्त्राचे विभाग आहेत. राहुरी, परभणी, अकोला, दापोली अशा चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना हे काम द्या. त्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात.

शाळेकडून जे होईल ते आम्ही करू. दिवाळीच्या सुट्टीआधी परिपाठात सांगतो, चौथीच्या पोरांना ट्रॅक्टरचे चित्र काढायला लावून धोक्याच्या जागा लाल करायला लावतो. पोरांना ते पटकन कळते आणि घरी जाऊन ती बापाला टोकतातही. पण शाळेत न येणारे तीन वर्षांचे लेकरू माझ्या हातात नाही, आणि शाफ्टवरचे कव्हर तर नाहीच नाही. ते आपल्या हातात आहे. सोयाबीन काढणीला येण्याआधी एक परिपत्रक काढा आणि पूर्वसंमतीपत्रावर एक ओळ छापा: पीटीओचे कव्हर आणि यंत्राचे झाकण मोक्यावर दिसल्याशिवाय अनुदान जमा होणार नाही.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक शिक्षक